‘येते हं’ आणि ‘सी यू लेटर’



गेली काही वर्षं आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी मी इंग्रजी बोलण्याचा एक छोटा वर्ग घेतो. वर्ग म्हणजे काय, सात-आठ प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पांढरा फळा आणि मध्ये चहा. फी नाही. मी इंग्रजीचा प्राध्यापक नाही. १९७१ साली बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातून बी.कॉम. झालो आणि पुढची अडतीस वर्षं बँकेत काढली, एवढंच माझं भांडवल. येणारी मंडळी आपलीच. एकेकाळी दांडिया बाजार, रावपुऱ्यात राहणारी आणि आता मांजलपूर, वाघोडिया रोडकडे फ्लॅटमध्ये गेलेली मराठी घरं, दोन-तीन गुजराती बेन, आणि परदेशी निघालेली एखादी तरुण मुलगी. बहुतेकांची मुलं कॅनडात नाहीतर ऑस्ट्रेलियात. व्हिसा झालेला असतो आणि पोटात गोळा आलेला असतो.

पहिल्या दिवशी सगळ्यांना ‘हाऊ आर यू’ हवं असतं. भेटल्यावर काय बोलायचं हे सगळे विचारतात. निघताना काय म्हणायचं हे कोणी विचारत नाही, कारण ‘बाय’ तर सगळ्यांनाच येतं. माझा अनुभव असा की इंग्रजीच्या घरात शिरायला एक दार आहे, पण बाहेर पडायला दहा. कुठलं कधी वापरायचं हे कळलं नाही की माणूस गोंधळतो, कधी दुखावतोही. म्हणून आज निरोपाच्या शब्दांबद्दल लिहितोय.

सगळ्यात साधं आधी सांगतो. ‘गुड मॉर्निंग’, ‘गुड आफ्टरनून’, ‘गुड इव्हिनिंग’ हे भेटल्यावरचे शब्द. ‘गुड नाईट’ मात्र फक्त निघतानाचा. वर्गातले एक काका, सरकारी खात्यातून निवृत्त, ऑस्ट्रेलियात मुलाकडे गेले होते. शेजारच्या गोऱ्या जोडप्याने रात्री आठला जेवायला बोलावलं. काका वेळेवर पोचले, दारात हात जोडून म्हणाले, ‘गुड नाईट’. यजमान बिचारा दार धरून उभा. त्याला कळेना की हे आत येतायत की निघालेत. काका मला म्हणाले, “अहो, बाहेर काळोख होता, मग नाईट नाही तर काय?” तर्क बरोबर आहे. पण भाषा तर्काने चालत नाही, वहिवाटीने चालते. काळोख कितीही असो, येताना इव्हिनिंग, जाताना नाईट.

दुसरा शब्द ‘सी यू’. ह्याने आपल्या लोकांना जेवढं फसवलंय तेवढं दुसऱ्या कुठल्या शब्दाने फसवलं नसेल. ‘सी यू लेटर’ म्हटलं की आपण समजतो, हा नंतर येणार. चहाचं आधण ठेवतो. तो येत नाही. आपण म्हणतो, काय ही माणसं, शब्द देतात आणि पाळत नाहीत. अहो, त्याने शब्द दिलेलाच नसतो! मी वर्गात हे बँकेच्या भाषेत समजावतो. ‘सी यू ॲट सिक्स’ ही मुदत ठेव. तारीख ठरलेली, त्या दिवशी रक्कम मिळालीच पाहिजे. ‘सी यू टुमॉरो’ ही सुद्धा जवळजवळ मुदत ठेवच. पण ‘सी यू लेटर’ म्हणजे चालू खातं. खातं उघडं आहे, बंद केलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यावर व्याज मागायचं नसतं. आणि ‘सी यू अराउंड’ म्हणजे खात्यात किमान शिल्लकसुद्धा नाही. कुठे वाटेत दिसलो तर दिसलो.

‘यू मस्ट कम ओव्हर समटाईम’ हेही त्यातलंच. पण ह्याला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपण लग्नाच्या हॉलमध्ये भेटलेल्या प्रत्येकाला “या एकदा घरी सवडीने” म्हणतो, तेव्हा कितीजणांना खरंच पत्ता देतो? तारीख नसलेलं आमंत्रण हे आमंत्रण नसतं, ते बोलणं गोड करून संपवणं असतं. हे आपल्याला मराठीत उपजत कळतं. इंग्रजीत कळत नाही, कारण तिथे आपण शब्द कानाने ऐकतो आणि अर्थ मनातल्या कोशात शोधतो.

तिसरा प्रकार फोनवरचा. समोरचा म्हणतो, ‘आय विल लेट यू गो’ किंवा ‘आय वोंट कीप यू’. एका बेनना वाटलं, आपल्याला घाई आहे असं ह्यांना वाटतंय, म्हणून त्या म्हणत राहिल्या, “नो नो, आय ॲम फ्री.” आणि आणखी वीस मिनिटं बोलत बसल्या. खरं तर समोरच्यालाच फोन ठेवायचा होता. पण “मला आता पुरे झालं” असं तोंडावर कसं म्हणणार? म्हणून तो तुमच्या घाईचं निमित्त करतो. आपल्याकडेही आहे की हे. “चला, तुम्हाला कामं असतील” असं म्हणणाऱ्यालाच बहुधा काम असतं.

उलट बाजूने आपणही त्यांना चक्रावून टाकतो. “चल, ठेवते” हे आपलं फोनवरचं शेवटचं वाक्य. वर्गातल्या एक वहिनी अमेरिकेतल्या सुनेच्या आईला म्हणाल्या, “ओके, आय ॲम कीपिंग.” त्या बाईंना प्रश्न पडला, ह्या काय ठेवून घेतायत? साडी पाठवली होती तिच्याबद्दल बोलतायत की काय? वहिनी सांगताना इतक्या हसल्या की त्या दिवशी वर्ग तिथेच संपला.

‘टेक केअर’चं जरा वेगळं. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीने नर्सिंग केलंय, तिला इंग्लंडला जायचं होतं. ऑनलाइन मुलाखतीच्या शेवटी तिकडच्या बाई म्हणाल्या, ‘टेक केअर’. ही घाबरली. तिला वाटलं, आपलं काहीतरी चुकलंय आणि त्या सांभाळून राहायला बजावतायत. मी तिला म्हटलं, बाळ, ही बजावणी नाही, मायेचा शब्द आहे, आणि तोही वापरून वापरून गुळगुळीत झालेला. आता मराठीतही ‘काळजी घे’ म्हणायची पद्धत पडलीय. माझ्या लहानपणी आमच्या घरी ते फक्त आजाऱ्याला म्हणत. निघणाऱ्याला म्हणत “जपून जा”, “पोचल्याचं पत्र टाक”. अर्थ तोच. फरक एवढाच की ‘पत्र टाक’मध्ये काळजी करणारा मी आहे, आणि ‘टेक केअर’मध्ये तुझी काळजी तूच करायचीस.

आता ‘गुडबाय’. हा शब्द सगळ्यांना ओळखीचा, पण ह्यात ‘गुड’ मुळात नाहीच. ‘गॉड बी विथ यी’, म्हणजे देव तुझ्याबरोबर असो, हे सोळाव्या शतकातल्या इंग्रजांचं वाक्य झिजत झिजत एक शब्द झालं, आणि ‘गुड डे’, ‘गुड नाईट’च्या संगतीने त्यातल्या ‘गॉड’चा ‘गुड’ झाला. म्हणजे आपल्या हैदराबादच्या मंडळींना रोज ऐकू येणारं ‘खुदा हाफिज’ आणि इंग्रजाचं ‘गुडबाय’ ही एकाच घरची भावंडं. फ्रेंचांचं ‘आद्यू’ आणि पोर्तुगीजांचं ‘अदेउस’ ह्यांतही देवच बसलाय.

पण आज इंग्रज माणूस रोजच्या रोज पूर्ण ‘गुडबाय’ फारसा म्हणत नाही. ‘बाय’ म्हणतो. पूर्ण शब्दाला वजन आहे. हे वजन मला पुस्तकातून कळलं नाही. १९८० नंतर काही वर्षं मी आणंदकडच्या, चरोतर भागातल्या एका शाखेत होतो. तिथे डिसेंबर-जानेवारीत इंग्लंडहून पटेल मंडळी यायची, ठेवी नूतनीकरणाला. त्यांतले पुष्कळजण मुळात युगांडातले. १९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं, तेव्हा सगळं मागे टाकून निघालेले. एक वयस्कर काका एकदा माझ्या टेबलाशी बसून सांगत होते. दुकानाला कुलूप लावलं, किल्ली वर्षानुवर्षं काम केलेल्या तिथल्याच एका नोकराच्या हातात दिली. म्हणाले, “साहेब, आम्ही रोज रात्री त्याला ‘क्वाहेरी’ म्हणायचो, सकाळी परत भेटायचो. त्या दिवशी ‘क्वाहेरी’ जिभेवर येईना. ‘आवजो’ म्हणावं तर तो कुठे येणार, आणि आम्ही तरी कुठे? शेवटी ‘गुडबाय’ म्हटलं.” स्वाहिलीत ‘क्वाहेरी’ म्हणजे खुशाल असा, साधा रोजचा निरोप. तिन्ही भाषा येत होत्या त्यांना. त्यातून परत न भेटण्याचा शब्द त्यांनी नेमका उचलला.

‘फेअरवेल’चा आपल्याकडे अर्थ समोसा, वेफर्स आणि शाल-श्रीफळ. बँकेत बदली झाली की फेअरवेल. इंग्रजीत दारात उभं राहून हा शब्द आता कोणी म्हणत नाही, तो भाषणात आणि पुस्तकात राहिला. पण त्यातला ‘फेअर’ तुमच्या ओळखीचा आहे. एस.टी.त कंडक्टर घेतो तोच. ‘फेअर’ म्हणजे मुळात प्रवास करणं, आणि मग प्रवासाचं भाडं. फेअरवेल म्हणजे प्रवास सुखाचा होवो.

आणि बँकवाल्यांचा आवडता शब्द ‘लीव्ह’. कॅज्युअल लीव्ह, प्रिव्हिलेज लीव्ह. इंग्रजीत निरोप घेण्याला ‘टेक लीव्ह’ म्हणतात. इथे ‘लीव्ह’ म्हणजे सोडून जाणं नव्हे, परवानगी. आता आपल्याकडे बघा. ‘रजा’ म्हणजे परवानगी. ऑफिसातून घेतो तीही रजा, आणि “आता आपली रजा घेतो” म्हणतो तीही रजा. जुन्या मराठीत ‘निरोप’ म्हणजेही आज्ञा. निरोप आपण ‘घेतो’, कारण तो यजमानाने द्यायचा असतो. दोन इतक्या लांबच्या भाषांना एकच गोष्ट सुचली की उठून चालू लागायचं नसतं, विचारून निघायचं असतं. रजेचे अर्ज मंजूर-नामंजूर करण्यात माझी अर्धी नोकरी गेली, पण ही गंमत निवृत्तीनंतर लक्षात आली.

लहान मुलांचं ‘टाटा’ तेवढं सांगून टाकतो. कित्येकांना वाटतं की ते ट्रकवरच्या टाटांवरून आलं. तसं नाही. इंग्रज आया मुलांशी बोलताना एकोणिसाव्या शतकातच ‘टाटा’ म्हणत होत्या. आपल्याकडे ते इतकं मुरलं की “बाळा, टाटा कर” हे आता शुद्ध मराठी वाक्य आहे.

आता आपल्याकडे येऊ. आपण ‘जातो’ म्हणत नाही. ‘येतो’ म्हणतो. ‘गेला’ म्हटलं की मनात नको तो अर्थ येतो, म्हणून दाराबाहेर पाऊल टाकतानाही आपण यायचंच बोलतो. गणपतीलासुद्धा पुढल्या वर्षी लवकर यायला बजावूनच पाण्यात सोडतो. आमच्या सौभाग्यवतींचं माहेर बेळगाव. तिथे शेजारपाजारी कानडीत ‘होगि बर्तीनि’ म्हणतात, म्हणजे जाऊन येतो. तेलुगूतही तसंच, तमिळमध्येही तसंच. आणि आमच्या बडोद्यात गुजराती माणूस म्हणतो ‘आवजो’, म्हणजे या. मजा अशी की घरवालाही ‘आवजो’ म्हणतो आणि निघणारा पाहुणाही ‘आवजो’ म्हणतो. दोघंही एकमेकांना बोलावतात. लहानपणापासून ऐकतोय, पण ह्या शब्दाची खरी किंमत मला कळायला सत्तरी उजाडावी लागली.

आमची मुलगी कॅनडात असते. मार्च २०२० मध्ये नात पाच वर्षांची होती. आमची १२ एप्रिलची तिकिटं काढलेली होती. व्हिडिओ कॉल संपवताना आमच्या हिने सवयीने म्हटलं, “चल बाळा, येते हं.” नातीचं मराठी घरातलं, शब्दाला शब्द लावून समजणारं. तिने आईला सांगितलं, ‘आजी इज कमिंग’, आणि खिडकीपाशी खुर्ची ओढून बसली. खाली गाडी थांबली की उठून बघायची. मुलीने पहिल्या दिवशी आम्हाला हसत हसत सांगितलं. आम्हीही हसलो. पण त्याच महिन्यात विमानं बंद झाली आणि तिकिटं रद्द झाली. मग कोणी हसेना. नातीने विचारलं होतं, “आजी म्हणाली येते, मग आली का नाही?” पाच वर्षांच्या मुलीला काय सांगायचं? की हा आमचा फक्त बोलायचा शब्द आहे?

‘सी यू लेटर’ला शब्द समजून आपण जसे वाट बघतो, अगदी तशीच ती ‘येते’ला शब्द समजून वाट बघत होती. शिकणारी ती होती, आणि भाषा आपली होती.

त्यानंतर दोन वर्षं आमची ही त्या पोरीला एकदाही ‘येते’ म्हणाली नाही. बाकी सगळ्यांना म्हणायची, दूधवाल्यालाही, पण नातीला ‘बाय बाय’. कॉल बंद झाला की थोडा वेळ फोन हातात धरून बसायची. मधल्या काळात काही खास विमानं सुरू होती, पण आमच्या वयाला आणि हिच्या रक्तदाबाला ते झेपणारं नव्हतं. २७ मार्च २०२२ पासून नेहमीची विमानं पुन्हा सुरू झाली, आणि मे महिन्यात आम्ही गेलो. चार महिने राहिलो. नात तोवर सात वर्षांची, दात पडलेली, बडबडी.

परतताना विमानतळावर, आत सोडतात त्या दारापाशी, मुलीने डोळे पुसले, जावयांनी नमस्कार केला. हिने नातीला जवळ घेतलं आणि दोन वर्षांचा नियम मोडून तोंडातून निघून गेलं, “येते हं.”

नातीने मान वर करून विचारलं, “व्हेन, आजी?”

मी गप्प राहिलो. मला महिना सांगता आला असता, आयुष्यभर तारखांचाच धंदा केलाय. पण हिचे गुडघे, दोघांची औषधं, पंचवीस-तीस तासांचा प्रवास, हे सगळं मलाही दिसत होतं आणि हिलाही. खोटा वायदा हिला करायचा नव्हता. ‘गुडबाय’ तर तोंडातून निघणार नव्हतं. दोन-चार क्षण गेले. मग ही म्हणाली, “आवजो.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे आता तू यायचं.”

नातीने थोडा विचार केला आणि म्हणाली, “ओके.” चेहऱ्यावर रडू नाही, काही नाही. काम वाटून दिल्यासारखं तिने ते घेतलं.

डिसेंबर २०२३ मध्ये ती आली, आईवडिलांबरोबर, तीन आठवडे. सुरसागर बघितला, मांडवीत फिरली, शेव-उसळ खाऊन नाकाडोळ्यांतून पाणी काढलं. निघताना अहमदाबादच्या विमानतळावर आजीच्या कमरेला मिठी मारून म्हणाली, “येते हं.” उच्चार थोडा वाकडा. आमच्या हिने ‘कधी’ असं विचारलं नाही. म्हणाली, “ये हं.”

माझ्या वर्गात आता मी पहिल्याच दिवशी निरोपाचे शब्द घेतो, ‘हाऊ आर यू’ नंतर. नातवंडांकडे निघालेल्या आजी-आजोबांना तीन गोष्टी आवर्जून सांगतो. एक, ‘लेटर’ म्हटलं की वाट बघू नका आणि रागावूही नका. दोन, नक्की भेटायचं असेल तर दिवस आणि वेळ बोला, ‘सी यू ऑन संडे ॲट टेन’, आणि मग ती पाळा, कारण मुलं तारीख लक्षात ठेवतात. तीन, नातवंडांना ‘येतो’ जरूर म्हणा, पण एकदा बसवून सांगा की आपल्याकडे जाताना असं का म्हणतात. न सांगता तो शब्द त्यांच्या हातात देऊ नका.

आता तुम्ही सांगा. इंदूर-ग्वाल्हेरला, गोव्यात, हैदराबादेत तुमच्या घरी निघताना काय म्हणतात? आणि तुमच्या नातवंडांनी त्याचा काय अर्थ लावला? खाली जरूर लिहा. मी वर्गात सांगेन.

बराय मंडळी, येतो. आवजो.